पेन्शनपर्यंत थांबावे, पण कॉकपिट सोडू नये

प्रश्न : मी हवाई दलात विंग कमांडर असून गेली १८ वर्षे मालवाहू ताफ्यात, मुख्यतः एएन-३२ विमानावर आहे. वय ४०, उड्डाणाचे तास सुमारे ३,१००. माझ्याबरोबरच, पण अल्पसेवा कमिशनवर म्हणजे ठरावीक मुदतीसाठी आलेले दोन मित्र १४ वर्षांनी बाहेर पडले आणि आज प्रवासी विमानांचे कॅप्टन आहेत. कंपनीत ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेपासून धरतात, तेव्हा उशीर करू नकोस, असे ते सांगतात. घरच्यांना मात्र मी पेन्शन घेऊनच निघावे असे वाटते. मी काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे खोटे नाही, मात्र त्यांचे गणित आपल्याला लागू पडत नाही. अल्पसेवा कमिशनवाल्याला पेन्शनच नसते, त्यामुळे मुदत संपल्यावर थांबण्यात त्याला काही लाभ नव्हता. कायम कमिशनच्या अधिकाऱ्याला स्वेच्छेने निघताना पेन्शन मिळण्यासाठी २० वर्षांची सेवा लागते, आणि अवघ्या दोन वर्षांसाठी आयुष्यभराचे उत्पन्न सोडावे असा सल्ला मी तरी देणार नाही. नागरी वैमानिकाला ६५ वर्षांपर्यंत उड्डाण करता येते, म्हणजे ४२ व्या वर्षी निघूनही आपल्या हाती २३ वर्षे राहतात.

मला काळजी वाटते ती या दोन वर्षांत आपण कोठे असाल याची. या ज्येष्ठतेच्या अधिकाऱ्याला मुख्यालयात टेबलाची नेमणूक मिळणे नवलाचे नाही, आणि विमान कंपन्या एकूण तासांइतकेच अलीकडच्या काळात किती उड्डाण झाले हेही पाहतात. वर्षभर फायली हाताळून आलेल्या ३,१०० तासांच्या वैमानिकापेक्षा गेल्या महिन्यापर्यंत उडणारा २,००० तासांचा वैमानिक त्यांना सोयीचा वाटतो. म्हणून पुढची नेमणूक स्क्वाड्रनमध्येच किंवा निदान जेथे नियमित उड्डाण होईल अशा ठिकाणी मिळावी यासाठी आपल्या वरिष्ठांशी आताच मोकळेपणाने बोलावे.

एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्यासाठी एकूण १,५०० तास लागतात आणि आपण ते केव्हाच ओलांडले आहेत. तरी रात्रीचे तास, उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण, विमानाचा प्रमुख म्हणून केलेले उड्डाण असे वेगवेगळे रकाने दाखवावे लागतात. त्यामुळे लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, आताच नीट जुळवून त्यावर अधिकृत सह्या घ्याव्यात, कारण सही करणारा अधिकारी एकदा बदलीवर गेला की त्याला गाठणे किती त्रासाचे असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) परीक्षांत उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. त्यांतील हवामानशास्त्र आपल्याला जड जाणार नाही. हवाई नियमांचा विषय मात्र अनुभवाच्या जोरावर निघत नाही, तो पाठच करावा लागतो. नागरी वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी स्वतंत्र असते, तीही सेवेत असतानाच करून घ्यावी.

आता थोडे अवघड. कंपनीत बहुधा उजव्या आसनावर, म्हणजे फर्स्ट ऑफिसर म्हणून सुरुवात होईल आणि शेजारचा कॅप्टन कदाचित ३० वर्षांचा असेल. लेहच्या धावपट्टीवर उतरलेल्या माणसाला हे सुरुवातीला रुचत नाही; मलाही रुचले नव्हते. वेळप्रसंग पाहून स्वतः मार्ग काढणे हा सैनिकी उड्डाणातला गुण, पण उतरताना प्रवासी विमान ठरलेल्या उंचीवर, साधारणतः १,००० फुटांवर, वेग आणि दिशा यांत स्थिर नसेल, तर ‘सांभाळून घेतो’ म्हणणे हा दोष ठरतो. तेथे उतरणे सोडून पुन्हा वर जायचे असते. प्रत्येक उड्डाणाची नोंद यंत्रात राहते व ती तपासली जाते.

आणखी एक सुचवतो. सगळे जण एअरबस ३२० या जेट विमानाकडे धावतात, पण आपण इतकी वर्षे दोन इंजिनांचे टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांचे विमान उडवले आहे, तेव्हा लहान शहरांच्या मार्गांवरील त्याच प्रकारच्या एटीआर-७२ चा पर्याय कमी प्रतिष्ठेचा समजून बाजूला टाकू नये. अर्ज दोन्हीकडे करावा आणि डाव्या आसनावर जाण्याची संधी कोठे लवकर मिळेल, हे मुलाखतीतच विचारून घ्यावे.