किल्ला वरून पाहिला, खालून पाहिलास का?

प्रश्न : ताई, मी नागपूरचा, प्रतापनगरचा. सध्या मास्टर्ससाठी एडिनबरात आहे. परवा इथला कॅसल पाहून आलो. तिकीट आपल्या हिशोबानं महागच, गर्दी भयंकर, राजमुकुट पाहायच्या लाइनमध्येच वेळ गेला आणि दोन तासांत बाहेर. आईनं फोनवर विचारलं कसा आहे रे किल्ला, तर 'मोठा आहे' याच्यापलीकडे काही सांगताच नाही आलं. माझं काही राहिलं का? डिसेंबरमध्ये आईबाबा येणार आहेत, त्यांना काय दाखवू?

उत्तर : राहिलं ना, आणि जे राहिलं त्यातलं बरंचसं बिनतिकिटाचं आहे. आधी प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत जा आणि खालून, उत्तरेकडून तो कडा नीट बघ. आपण नागपूरकर सीताबर्डीचा किल्ला जन्मभर खालूनच तर बघतो, वर जायला मिळतं ते २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी, तीच सवय तिथे कामी आण. तो काळा दगड म्हणजे ज्वालामुखीच्या नळीतच थिजलेला लाव्हा, साधारण ३५ कोटी वर्षांचा. आपली सीताबर्डीची टेकडी पण लाव्ह्याचीच, फक्त वयानं बरीच लहान. पुढे हिमयुगात पश्चिमेकडून बर्फ सरकत आला, या कठीण खडकानं तो फोडला, तीन बाजू तासल्या गेल्या आणि खडकाच्या आडोशाला पूर्वेकडची उतरती सोंड तेवढी शिल्लक राहिली. तू रॉयल माइलवरून चढत गेलास ना, ती हीच सोंड. म्हणून हल्ल्याची भीती पूर्वेकडूनच, आणि हाफ मून बॅटरीच्या, म्हणजे किल्ल्याच्या अर्धगोल बुरुजावरच्या, तोफा पण तिकडेच तोंड करून.

आणि म्हणूनच १३१४ ची गोष्ट भारी आहे. किल्ला इंग्रजांकडे होता, तर मार्चमधल्या एका रात्री थॉमस रँडॉल्फ या स्कॉटिश सरदाराची तीस माणसं हा उत्तरेचा कडाच चढून गेली. वाट दाखवली विल्यम फ्रान्सिसनं. तो पूर्वी किल्ल्यावर राहायचा आणि गावातल्या प्रेयसीला भेटायला याच वाटेनं चोरून उतरायचा असं सांगतात. मला तर दरवेळी कोंडाजी फर्जंदच आठवतात, साठ मावळ्यांनिशी १६७३ मध्ये पन्हाळा घेणारे. बाबांना ही गोष्ट कड्याखाली उभं करूनच सांग, वर नेऊन नाही.

वर गेल्यावर मुकुटाची लाइन सोडली तरी चालेल पण विहीर सोडू नको. २८ मीटर खोल आहे, अख्ख्या किल्ल्याचा जीव तिच्यात. १५७३ च्या वेढ्यात तोफांनी बुरूज कोसळला, त्याच्या ढिगाऱ्यानं विहीर अडली आणि पाण्यावाचून किल्ला पडला. आपल्याकडे गड बघताना आपण आधी टाकं शोधतो ना, तसंच. आणि सेंट मार्गारेटचं चॅपल बघा, साधारण ११३० चं, एवढंसं, वीसपंचवीस माणसांत भरून जाईल. १३१४ मध्ये किल्ला परत मिळाल्यावर स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस यानं तो शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून पाडायला लावला, पण हे देऊळ तेवढं राखलं. आईला हे नक्की आवडेल.

डिसेंबरात तिथे पावणेचारलाच सूर्य मावळतो, वर वारा, खाली दगडी फरसबंदी, तेव्हा आईचे गुडघे सांभाळून सकाळीच निघा. रविवार आणि नाताळचा दिवस टाळा, कारण त्या दिवशी किल्ल्यावरची दुपारी एक वाजताची तोफ उडत नाही. जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून १८६१ पासून ती उडवतात. आईला मात्र आधी सांगून ठेव, आवाज एकदम छातीत बसतो.