मुंबई-दुबई: जाताना पावणेदोन तास अन् येताना साडेचार?

ताई, तुम्ही विचारलंय की मुंबई-दुबई अंतर एके ठिकाणी १९३०, दुसरीकडे १२००, तिसरीकडे १०४० दाखवतंय, आणि मुलाच्या तिकिटावर जाताना पावणेदोन तास नि येताना साडेचार तास कसे दिसतात. चुकीचं काहीच नाही ओ त्यात.

अंतराचं म्हणाल तर तिन्ही आकडे एकच आहेत. १९३० किलोमीटर, १२०० म्हणजे मैल, आणि १०४० म्हणजे नॉटिकल मैल, विमानवाले तेच वापरतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. हे सरळ हवाई अंतर, विमान ठरलेल्या मार्गानं जातं म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्तच उडतं.

आता वेळ. तिकिटावर निघायची वेळ जिथून निघतं तिथली आणि पोचायची वेळ जिथं पोचतं तिथली, अशी छापतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं. समजा मुंबईहून सकाळी १०.०० ला निघालं आणि दुबईत ११.४५ ला पोचलं, तर तेव्हा आपल्याकडं सोलापुरात सव्वा वाजलेला असतो, म्हणजे झाले सव्वातीन तास. येताना उलटं, तिथून रात्री १०.०० ला निघालं म्हणजे आपल्याकडचे साडेअकरा, आणि मुंबईत पहाटे २.३५ ला उतरलं, म्हणजे तीन तास पाच मिनिटं. दोन्ही वेळा भारतीय करून घ्यायच्या आणि मग वजाबाकी, बस.

जाताना जे थोडं जास्त लागतं ते वाऱ्यामुळं, वर पश्चिमेकडून वारा असतो, हिवाळ्यात तर जोरात, जाताना समोरून लागतो आणि येताना मागून ढकलतो. शिवाय छापलेला वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकीला छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच चालते, रांगेतच वीस-पंचवीस मिनिटं गेलेली मी बघितलीत.

खरा घोळ तारखेचा होतो बघा. आमचे दाजी तिकडून यायचे होते, मेसेज आला "१२ तारखेची फ्लाईट, अडीचला मुंबई". आम्ही ११ ला दुपारीच चटणी-भाकरी बांधून गाडी काढली, चारशे किमी, रात्री एकला एअरपोर्टवर हजर. साडेतीन वाजले तरी दाजी नाहीत, फोन केला तर साहेब अंथरुणातून बोलतायत, "अहो मी आज रात्री निघणारंय". १२ च्या रात्री निघालेला माणूस १३ च्या पहाटे उतरतो, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिकिटावर वेळेपुढं बारीक +१ होतं, म्हणजे पोचायचं दुसऱ्या दिवशी, आईनं नंतर चष्मा लावून शोधून दाखवलं!

आणि सोलापूरकरांसाठी एक, हैदराबादही बघा. तिथून दुबई साधारण २५५० किमी, विमानात अर्धा-पाऊण तास जास्त जातो, पण रस्त्यानं हैदराबाद तीनशेच्या आसपास, मुंबईपेक्षा शंभर किमी कमी. मुंबईलाच जायचं तर मी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडतो, फ्लाईट दुपारनंतरची असेल तरच. सकाळची असेल तर एक दिवस आधी निघा, गाडी लेट झाली तर विमान थांबत नसतं.

मुलाच्या तिकिटावर +१ आहे का ते आधी बघा, मगच गाडी सांगा.