फायबरच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा रंग बदलायचाय, काळा करू की मिलिटरी हिरवा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला 2001 ची सॅन स्टॉर्म आहे, दोन सीटची, कापडी टपाची. मूळचा लाल रंग उडून बॉनेट गुलाबी पडलंय, दोन-तीन ठिकाणी पापुद्रे निघायलेत. गाडी काळी करावी की मिलिटरी हिरवी? ओळखीचा गॅरेजवाला आठ दिवसांत, पंचवीस हजारांत ‘ड्युको करून देतो’ म्हणतोय, तर द्यावी का?

देऊ नका. आणि तुम्ही निवडलेले दोन्ही रंग नकोत. मी जालन्याचा. हीच गाडी माझ्याकडं 2009 पासून आहे आणि तिचा रंग मी दोनदा बदललाय. पहिल्यांदा पिवळ्याची काळी केली, ते पार वाया गेलं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिरव्याचं आधी संपवू. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 121 म्हणतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. खाजगी गाडीला तो चालत नाही. आरटीओत नोंद होणार नाही आणि रस्त्यावर अडवलं तर तुमच्याकडं उत्तर नसेल. गडद बाटलीहिरवा वेगळा, पण त्याची अडचण काळ्यासारखीच आहे.

आता काळा. स्टॉर्मची बॉडी पत्र्याची नाही, फायबरची आहे. काचेच्या धाग्यांची मॅट, तिच्यात मुरवलेलं रेझिन आणि वर गुळगुळीत जेलकोट. हे रेझिन साच्यातून निघालं म्हणजे पूर्ण पक्कं झालं असं नसतं. पुढं जास्त उष्णता मिळाली की ते आणखी आवळतं, धागे मात्र आवळत नाहीत. मग आतल्या धाग्यांची नक्षी वर उमटते. लातूर-जालन्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या गाडीचं बॉनेट 70 अंशांच्या पुढं सहज जातं. फिका रंग त्यापेक्षा बराच थंड राहतो.

माझी गाडी 2014 च्या जुलैत काळी झाली. दिवाळीपर्यंत आरशासारखी होती, लोक थांबून बघायचे. पुढच्या मे महिन्यात एका संध्याकाळी तिरपं ऊन बॉनेटवर पडलं आणि मला दिसलं: ओल्या भिंतीवर सोयाबीनचं भुसकट चिकटावं तशा बारीक काड्या-काड्या सगळीकडं. हात फिरवला तर काही लागत नव्हतं, नजरेला मात्र दुसरं काही दिसेना. गॅरेजवाल्यानं रबिंग करून दिलं. दोन उन्हं खाल्ली आणि काड्या परत वर. ते रंगाचं दुखणं नव्हतंच, त्याच्या खालच्या अंगाचं होतं. शिवाय ते काम भर पावसाळ्यात, उघड्या शेडमध्ये झालेलं. मागच्या चाकाच्या वर ज्वारीच्या दाण्याएवढे फोड आले, फोडले की आत ओल.

दुसरं काम 2019 ला संभाजीनगरजवळच्या (औरंगाबाद) वाळूजला केलं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात गाड्यांचे कारखाने असल्यानं रंगकामाचे जाणकार आणि रंग मारायचे बंद बूथ दोन्ही मिळतात. पण मी शोधला तो गाड्या रंगवणारा मिस्त्री नव्हे. फायबरच्या टाक्या, बसची पुढची-मागची तोंडं, कूलरच्या बॉड्या करणारे एक चाचा होते, त्यांना आधी गाठलं. तुम्हीही असाच माणूस शोधा. पत्र्यावर हात बसलेला उत्तम मिस्त्रीसुद्धा फायबरवर सवयीनं चुका करतो. रंग काढायला पेंट रिमूव्हर लावतो, ते रेझिनमध्ये शिरतं आणि नंतर नव्या रंगाला फोड आणतं. ब्लो-लॅम्प मारतो, बॉडी करपते. वाळूचा मारा करतो, जेलकोट उडून धागे उघडे पडतात. फायबरवरचा रंग हातानंच काढायचा, कागदानं घासत. सुरुवात 80 नंबरच्या कागदानं केलीत (नंबर जेवढा मोठा तेवढा कागद बारीक) तरी जेलकोट दिसायला लागला की लगेच 180 वर या, मग 320.

आधी अंगावर किती थर आहेत ते बघा. पत्र्याच्या गाडीला जाडी मोजायचं साधं मीटर लावतात, फायबरवर ते चालत नाही, चुंबकही नाही. चाचांनी दाराच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा उतरती घासली. मध्ये जेलकोट, त्याभोवती करडी, पिवळी, परत करडी, काळी अशी कडी उमटली. तेवढ्यावर त्यांनी सांगितलं, ‘‘माझ्या आधी दोघांनी रंगवली हाय हिला. सगळं उतरवावं लागल.’’ तुमच्या गाडीवर मूळ लाल एकच थर असेल तर काम अर्ध्यावर येईल.

मग चिरा. फायबरच्या जुन्या गाडीला बिजागरीपाशी, दिव्यांच्या कोपऱ्यांना, नंबरप्लेटच्या स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतातच. त्या शोधायची चाचांची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली. थिनरमध्ये बुडवलेलं फडकं पॅनलवरून एकदा ओढायचं आणि खाली वाकून बघत राहायचं. बाकी जागा दोन सेकंदांत वाळते, चिरेतलं थिनर मागं राहतं, ती केसासारखी काळी रेघ क्षणभर दिसते आणि विरते. तेवढ्यात पेन्सिलीनं खूण करायची. माझ्या दोन दारांवर मिळून अशा एकोणीस खुणा झाल्या. प्रत्येक चीर त्यांनी व्ही आकारात खोदली, आत मॅट आणि रेझिन भरलं, जिथं हात पोचला तिथं मागच्या बाजूनंही मॅटचा तुकडा बसवला. नुसती पुट्टी भरून वर रंग मारला की चीर त्याच जागी परत उघडते. माझ्या काळ्या रंगावर ती सहा महिन्यांत उघडली होती.

उघडी झालेली बॉडी चाचांनी मार्चच्या उन्हात तीन आठवडे ठेवली. मला घाई होती, त्यांना नव्हती. आत मुरलेलं थिनर आणि ओल उडून जाते, रेझिनला जे आवळायचंय ते रंगाच्या आधीच आवळून होतं. मराठवाड्याचं ऊन एवढं एक काम फुकटात करून देतं, ते घ्याच. त्यानंतर परत एकदा घासायचं, सुईच्या टोकाएवढी छिद्रं वर येतात ती पात्यानं पुट्टी ओढून बुजवायची, मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर टू-के सर्फेसर (हार्डनर मिसळून मारायचा, घासून सपाट करायचा थर), आणि 600-800 चा पाणीकागद.

पाण्यावरून एक सांगतो. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात पाणी जपून वापरा हे मी सांगायला नको. घासकाम एका बादलीत भागतं. पण बोअरचं जड पाणी पॅनलवर वाळू देऊ नका, क्षाराचे ठिपके राहतात आणि रंगाखालून वर येतात. शेवटचा हात फिल्टरच्या पाण्यानं, आणि लगेच पुसून कोरडं.

आता ‘ड्युको’. हे नाव 1920 च्या दशकातल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं. आपल्याकडं ते गाडीच्या कुठल्याही रंगकामाला चिकटलं. म्हणून गॅरेजवाल्याला नीट विचारा की तो एनसी (म्हणजे हाच नायट्रोसेल्युलोज) मारणार की टू-के पीयू (हार्डनर घालून पक्का होणारा पॉलीयुरेथेन). एनसी लवकर वाळतो, स्वस्त पडतो, पण थिनरनं कधीही विरघळतो आणि आपल्या उन्हात चमक लवकर सोडतो. पंचवीस हजारांत पूर्ण रंगबदल म्हणजे बहुधा एनसीच, आणि तोही गाडी न उघडता. तुम्हाला हवा तो टू-के बेस आणि त्यावर हार्डनर घातलेल्या क्लियरचे, म्हणजे पारदर्शक थराचे, दोन हात. बेक करणार असतील तर आधी सांगून ठेवा की 60 अंशांच्या वर न्यायचं नाही.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून जाऊन कायमचा दमा लावू शकतं. कित्येक गॅरेजमध्ये पोरं तोंडाला रुमाल बांधून हे मारतात, त्याचा काही उपयोग नाही. बाहेरची हवा नळीनं आत घेणारा मास्क जिथं वापरतात, तिथंच काम द्या. दोन पैसे जास्त गेले तर जाऊ द्या, कुणाच्या छातीचं मोल त्यात नको.

रंग बदलायचा म्हणजे गाडी उघडायची. त्याच रंगात परत रंगवायची असेल तर वरवरचं काम खपून जातं. पण लाल गाडी दुसऱ्या रंगाची करताना दाराची चौकट, बॉनेटची आतली बाजू, डिकीचा काठ, इंजिनाभोवतीची जागा, पेट्रोलच्या झाकणाचा खळगा, रबरांच्या खालची पट्टी हे सगळं आलं. रबरं, दिवे, हँडल, आरसे, कापडी टप सगळं काढून. टेप लावून मारलं की दार उघडल्याबरोबर जुना रंग दिसतो, आणि टेपच्या काठावरून नवा रंग सोलायला लागतो. गाडी उघडायची तयारी नसेल तर लालच करा. माझा खरा सल्ला तोच आहे, लाल त्या गाडीला शोभतो, खर्च निम्म्याच्या आसपास येतो आणि आरसीवर काही बदलावं लागत नाही.

पण मन बदलाकडंच ओढत असेल तर फिका रंग घ्या. मी हस्तिदंती घेतला. अमेरिकेत 1953 साली फायबरच्या बॉडीची पहिली कॉर्व्हेट आली तेव्हा त्या वर्षीच्या सगळ्या 300 गाड्या पांढऱ्या होत्या, आत लाल सीट. तुमच्या सीटांचे फोटो बघितले, लाल-काळ्या आहेत, त्यांना हस्तिदंती किंवा फिका आकाशी सुंदर जाईल. काळ्याचं आणखी एक, तो पॅनलची बारीकशी लाटसुद्धा लपवत नाही, आणि हातानं बनलेल्या फायबरला लाटा असतातच.

लालवरून फिक्यावर जाताना मात्र जपा. काही जुने लाल रंग वरच्या थरात झिरपतात, पांढरी गाडी दोन-तीन दिवसांत गुलाबी व्हायला लागते. डिकीच्या आत वितीएवढ्या जागेवर थेट पांढरा मारून दोन दिवस ठेवा. गुलाबी झाक आली तर उरलेला लाल थर पूर्ण काढा किंवा इपॉक्सीखाली नीट बंद करा.

कागदपत्रं. आरसीवर रंगाची नोंद असते, गाडी तिच्याशी जुळली पाहिजे. काम काढायच्या आधी लातूरच्या आरटीओत अर्जाचं विचारून घ्या, काम झाल्यावर गाडी दाखवून नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडतं. गाडी 15 वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतं. ती तारीख जवळ असेल तर दोन्ही एकाच फेरीत उरका. व्हिनाईल रॅप लावला तरी रंग बदललाच, नोंद लागतेच. शिवाय तुमच्या पापुद्रे निघालेल्या रंगावर रॅप लावूच नका, काढताना रंग घेऊन निघेल.

खर्च म्हणाल तर मला 2019 ला 85 हजार लागले. त्यातलं रंग, प्रायमर, क्लियर, हार्डनर असं सामान 24 हजारांचं, बाकी सगळी मजुरी. आता त्याहून जास्त धरा. वेळ लागला दोन महिने. पावसाळा पूर्ण टाळा, आणि बूथ नसेल तर सोयाबीनच्या मळणीचे दिवसही, हवेत भुसा असतो.

गाडी हातात आल्यावर पहिला महिना वॅक्स नको, झाकण नको, श्वास घेऊ द्या. त्याच मिश्रणाचा पावशेर रंग डबीत मागून घ्या, झाकणावर मिश्रणाचा आकडा लिहून. माझी डबी दोनदा कामाला आली.

आज एवढं करा: दोन्ही दारांच्या बिजागऱ्यांपाशी थिनरचं फडकं ओढा आणि चिरांचा फोटो उजेडात काढून इथं टाका. चिरा वरच्या रंगातच आहेत की खाली जेलकोटपर्यंत गेल्यात ते फोटोवरून बरंचसं कळतं, मग वाळूजला कुणाला विचारायचं ते सांगतो.