मान बघितलीस का?

प्रिय डॉक्टर,

डायलिसिसचा पेशंट, रक्ताची उलटी, स्कोपीत व्हेरिसेस म्हणजे अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा, आणि लिव्हर ठणठणीत. 'सर, काही जुळत नाही,' असं लिहिलंस. जुळेल कसं? तू पोटातच शोधते आहेस. मान बघितलीस का?

रिपोर्ट पुन्हा वाच. व्हेरिसेस अन्ननलिकेच्या वरच्या भागात आहेत, जठराजवळ काहीच नाही. लिव्हरच्या आजारातल्या व्हेरिसेस खालून वर भरतात, या वरून खाली. फेल्सन आणि लेश्युर यांनी १९६४ सालीच यांना 'डाउनहिल', म्हणजे उताराच्या, म्हटलं. तेव्हा छातीतल्या गाठी शोधायचे. आज आधी परमकॅथ शोधायचा, म्हणजे डायलिसिससाठी मानेच्या शिरेतून घातलेली नळी. नळी शिरेच्या भिंतीला घासत राहते, भिंत जाड होते, गुठळी धरते आणि एक दिवस सुपिरियर व्हेना कावा, म्हणजे वरच्या अंगाचं रक्त हृदयात नेणारी मोठी शीर, बंद. डोक्याचं, हातांचं रक्त मग मिळेल त्या वाटेनं उतरतं. तिला छातीत येऊन मिळणारी अझायगस शीर उघडी असेल तर फुगवटा वरच राहतो. तीही अडली की पार खालपर्यंत जातो. तेव्हा 'खाली आहेत म्हणजे लिव्हरच' असंही धरून चालू नकोस.

प्रोप्रानोलॉल कशासाठी सुरू केलंस, बाई? ते पोर्टल प्रेशर, म्हणजे लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतला दाब, कमी करायला असतं; तो वाढलाय कुठे? बँडिंगनं, म्हणजे त्या शिरा रबरी कड्यांनी बांधून, वेळ मिळेल, पण अडथळा तसाच राहील. पेशंट स्थिर झाला की शिरांचा सीटी स्कॅन, म्हणजे सीटी व्हेनोग्राम, कर, बंद शीर बलून-स्टेंटनं उघडण्यासाठी रेडिओलॉजिस्टना गाठ. तोवर डायलिसिस रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपारिनशिवाय.

आणि मान बघ. त्याच्या बायकोला विचार: सकाळी तोंड सुजतं का, शर्टाचं वरचं बटण लागेनासं झालंय का? छातीवर निळ्या शिरांचं जाळं दिसेल. ही सूज अंगातल्या पाण्याची समजून 'अजून पाणी काढा' म्हणणारे मी खूप पाहिलेत. नळी कधी घातली, किती वेळा, कुठल्या बाजूला, हे कुणी विचारत नाही!

मला पाठीमागे 'फिस्टुलावाले सर' म्हणतात, कारण डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडून फिस्टुला वेळेत करून घ्या, असा माझा हट्ट. म्हणू देत. 'डायलिसिस अजून लांब आहे, आत्तापासून हात कशाला कापायचा?' म्हणून नातेवाईक भांडतात, सहकारी म्हणतात मी पेशंटला घाबरवतो. फिस्टुला तयार व्हायला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर वेळ येऊन ठेपली तर मानेत नळी जाते, आणि 'तात्पुरती' म्हणून घातलेली वर्षभर तशीच राहते. मी भांडतच राहणार.

उद्या राउंडला आधी मान बघ, नळ्यांचा हिशेब लिहून मला पाठव. आणि आत्ता त्याला सलाईन कुठल्या हाताला लावलंय? फिस्टुलासाठी राखायच्या हाताला असेल तर आधी ते काढून दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला लाव.

तुझा,
सर