तो जेथे थांबला तेथे थांब

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझे पत्र मिळाले, आणि त्यासोबत तू पाठवलेल्या, शेवटल्या काळाविषयीच्या उपदेशकांच्या चित्रफिती मी शेवटपर्यंत पाहिल्या. तू विचारतेस की प्रभूचे येणे इतके जवळ आले असेल तर जीएनएमचे, म्हणजे तुझ्या नर्सिंगच्या शिक्षणाचे, शेवटचे वर्ष पुरे करण्यात, परीक्षेचा फॉर्म भरण्यात आणि नंतर नोकरीसाठी दवाखान्यांचे उंबरे झिजवण्यात काय अर्थ आहे. आणि लगेच पुढच्या ओळीत विचारतेस की मंडळी शेवटल्या काळातल्या मोठ्या संकटाआधीच प्रभूकडे वर घेतली जाणार आहे असे हे उपदेशक सांगतात, तर मग तुला रात्ररात्र झोप का लागत नाही. तुला हे दोन निराळे प्रश्न वाटतात. मला तो एकच प्रश्न दिसतो. प्रभूचे शब्द आणि त्या शब्दांवर इतरांनी चढवलेले शब्द यांची तुझ्या मनात सरमिसळ झाली आहे, आणि त्या सरमिसळीतून एकीकडे आळस आणि दुसरीकडे भीती अशी दोन्ही फळे आली आहेत.

तू मंडळीतच वाढलीस, तेव्हा तो येणार आहे हे मी तुला पटवून देत बसणार नाही. तो येणार आहे. मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण ती पकडून राहण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे: त्याने जेवढे सांगितले तेवढे सगळे धर, आणि तो जेथे थांबला तेथे थांब.

मत्तयाचा चोविसावा अध्याय उघड. मंदिरातून बाहेर पडताना शिष्य त्याला इमारती दाखवतात, तो म्हणतो की येथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही, आणि मग जैतुनांच्या डोंगरावर ते त्याला एकांतात विचारतात की हे केव्हा होईल. मार्काने त्यांची नावेही दिली आहेत: पेत्र, याकोब, योहान आणि अंद्रिया. प्रश्न ‘केव्हा’ असा होता. उत्तराचे पहिले वाक्य मात्र असे की तुम्हांला कोणी फसवू नये म्हणून सावध राहा. खोटे ख्रिस्त आणि खोटे संदेष्टे येतील हा इशारा त्याने त्या एका अध्यायात तीनदा दिला आहे. लढाया, लढायांच्या आवया, दुष्काळ आणि भूकंप यांचा उल्लेख करून त्याने त्याच दमात सांगितले की घाबरू नका, हे होणे अवश्य आहे, पण एवढ्याने शेवट झाला असे नाही. आता तूच पाहा, तुझ्या त्या चित्रफितींत काय चालले आहे? ज्या गोष्टींना प्रभूने ‘हा शेवट नव्हे’ म्हटले, नेमक्या त्याच गोष्टी शेवटाचा पुरावा म्हणून दाखवल्या जात आहेत, आणि मागे संगीत लावले आहे म्हणून तुला ते खरे वाटते आहे.

त्या गोष्टींना त्याने वेदनांचा प्रारंभ म्हटले. ही उपमा त्याची स्वतःची आहे आणि ती माझ्यापेक्षा तुला अधिक कळायला हवी, कारण तू प्रसूतिगृहात ड्यूटी केली आहेस. पहिली कळ आली म्हणून कोणतीही शहाणी सिस्टर नातेवाइकांना बाळाच्या जन्माची वेळ सांगत नाही. ती पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता, भरत जाते, अर्ध्या अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकते, बाईला पाणी देते, धीर देते आणि जागची हलत नाही. वेदना खऱ्या आहेत, बाळ येणार हे नक्की आहे, आणि तरीही घटका सांगण्याचा अधिकार तिच्याकडे नाही.

तू म्हणशील की मग त्याच्या भविष्यकथनाचा उपयोग काय. उपयोग फार मोठा आहे, पण तो त्याच्या शब्दांना चिकटून राहणाऱ्यालाच होतो. लूकच्या एकविसाव्या अध्यायात त्याने अगदी व्यवहाराची सूचना दिली आहे की यरुशलेमेला सैन्यांचा वेढा पडत असलेला पाहाल तेव्हा जे यहूदीयात असतील त्यांनी डोंगरांत पळून जावे आणि शहरात असलेल्यांनी बाहेर पडावे. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस सांगतो की यरुशलेमेतील मंडळी युद्धाआधी शहर सोडून यार्देनेपलीकडच्या पेल्ला या गावी गेली. इ.स. ७० मध्ये सेनापती तीताच्या रोमी सैन्याने मंदिर जाळले, आणि त्या वेढ्याचा वृत्तांत लिहिणाऱ्या यहूदी इतिहासकार योसेफसने एक प्रसंग नोंदवला आहे, जो मी कधीही विसरू शकलेलो नाही. मंदिराच्या बाहेरच्या अंगणातील एका देवडीत सुमारे ६,००० माणसे जमली होती, त्यांत बायका आणि मुलेही होती, आणि सैनिकांनी ती देवडी पेटवून दिल्यावर त्यांतले एकही वाचले नाही. ती तेथे का जमली होती? कारण त्याच दिवशी एका खोट्या संदेष्ट्याने त्यांना सांगितले होते की मंदिरात चला, देव तुम्हांला सुटकेची चिन्हे दाखवणार आहे. त्या बिचाऱ्यांना मी दोष देत नाही. भुकेने आणि भयाने पिचलेला माणूस आशेच्या कोणत्याही शब्दामागे जातो. पण आशेच्या नावाने खोटे बोलणाऱ्याला मी सोडणार नाही, मग तो पहिल्या शतकातला असो की तुझ्या मोबाइलवरचा. मंदिराच्या टेकडीच्या पश्चिम भिंतीखाली, दक्षिणेच्या टोकाला, रोमी सैनिकांनी वरून ढकललेल्या प्रचंड चिऱ्यांचा ढीग जुन्या फरसबंद रस्त्यावर आजही पाहायला मिळतो. प्रभूचा शब्द कसा उतरतो ते पाहायचे असेल तर ते दगड पुरेसे आहेत.

आणि तो जेथे थांबला तेथे न थांबणाऱ्यांचे काय झाले? अमेरिकेत उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा प्रभूच्या येण्याचा दिवस धरला; कित्येक शेतकऱ्यांनी उभे पीक शेतात सोडले, आणि तेवीस तारीख उजाडली. इस्राएल राष्ट्र १९४८ मध्ये स्थापन झाले, एक पिढी चाळीस वर्षांची, म्हणून १९८८, असा हिशेब मांडणारे पुष्कळ होते. १९८८ आले आणि गेले. दक्षिण कोरियात ली जांग रिम या उपदेशकांनी २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली, लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरेदारे विकून पैसे दिले, आणि त्या गृहस्थांना फसवणुकीसाठी अटक झाली तेव्हा त्यांनी स्वतः त्या तारखेनंतर मुदत पुरी होणारे रोखे घेऊन ठेवल्याचे उघड झाले. अमेरिकेतले रेडिओ-उपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ चे फलक रस्त्यारस्त्यांवर लावले, तो दिवस फुकट गेल्यावर २१ ऑक्टोबर सांगितला, आणि पुढच्या वर्षी दिवस ठरवण्याचा प्रयत्नच पाप होता असे लिहून दिले. पण ज्यांनी आयुष्याची पुंजी त्या फलकांवर घातली त्यांना ती परत मिळाली नाही. त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, हे वाक्य या सगळ्यांनी वाचले होते. वाचूनही ते पुढे गेले. पुत्र जेथे थांबला त्याच्या पुढे एक पाऊल टाकणाऱ्या माणसाला, त्याला कितीही वचने तोंडपाठ असोत, मी माझा शिक्षक मानत नाही आणि तूही मानू नयेस.

आधार कार्डाचा क्रमांक आणि लस यांना प्रकटीकरणाच्या पुस्तकातली श्वापदाची खूण म्हणणारी ती चित्रफीत मात्र पाहून मला संताप आला. करोनाच्या काळात आपल्याच माणसांनी याच भीतीपोटी लस नाकारलेली मी पाहिली आहे. तू परिचारिका होणार आहेस. या एका बाबतीत मी तुझ्याशी वाद घालणार नाही, फक्त लाज वाटू दे एवढेच म्हणतो.

आता दुसरी बाजू, आणि येथे मी तुझ्या आवडत्या उपदेशकांना आणि कदाचित तुलाही दुखावणार आहे. तारीख सांगणारे प्रभूच्या शब्दांत भर घालतात, हे आपल्याला चटकन दिसते. पण त्याच्या शब्दांतून काढून टाकणेही तितकेच वाईट आहे. मंडळीला मोठे संकट पाहावेच लागणार नाही, ती आधीच गुपचूप उचलली जाईल, ही मांडणी १८३० च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकांनी पुढे आणली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांच्या बायबलने ती घरोघरी पोहोचवली. ती मानणारी भक्तिमान माणसे मला ठाऊक आहेत, त्यांच्यासोबत मी प्रभुभोजन घेतले आहे. पण मी प्रभूच्या तोंडचे शब्द वाचतो तेव्हा मला असे दिसते की त्या दिवसांतील संकटानंतर लगेच मनुष्याचा पुत्र मेघांवर येताना दिसेल आणि त्याचे दूत निवडलेल्यांना चारही दिशांकडून जमा करतील. नंतर, असे तो म्हणतो. निवडलेल्यांसाठी ते दिवस कमी केले जातील असे तो म्हणतो. निवडलेले तेथे नसतीलच तर दिवस कोणासाठी कमी करायचे? योहानाच्या सतराव्या अध्यायात तो पित्याला सांगतो की तू त्यांना जगातून काढून घ्यावे अशी विनंती मी करत नाही, तर त्यांना दुष्टापासून राखावे अशी करतो. आणि त्याआधीच्या अध्यायात, शेवटच्या रात्री, तो स्पष्ट बोलून जातो: “जगात तुम्हांला क्लेश होतील, तरी धीर धरा, मी जगाला जिंकले आहे.” यातले ‘क्लेश होतील’ हेही त्याचेच वचन आहे. ते गाळून ‘धीर धरा’ एवढेच घरात लावणाऱ्यांनी अर्धा प्रभू घेतला आहे.

प्रकटीकरणात स्मुर्णा येथील मंडळीला त्याने सांगितले की तुम्हांला क्लेश होतील, मरेपर्यंत विश्वासू राहा. आणि त्याच मंडळीचा वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प याने जिवंत जळणे पत्करले पण ख्रिस्ताला शिव्या देणे पत्करले नाही. इतके लांब कशाला, २००८ मध्ये ओडिशातील कंधमालमध्ये हजारो ख्रिस्ती माणसे घरे जळाल्यावर जंगलात पळाली आणि छावण्यांत राहिली. त्यांना जाऊन सांग पाहू, की प्रभू आपल्या लोकांना संकटात पडू देत नाही. तुला झोप का लागत नाही याचे माझ्या मते कारण हेच आहे: तुला सुटकेची हमी दिली गेली, ती त्याने दिलेली नव्हती, आणि तुझ्या आत्म्याला ते कोठेतरी कळले आहे. त्याने दिलेली हमी निराळी आहे. जो शेवटपर्यंत टिकून राहील तोच तरेल. हे कठोर वाटते, पण जे येणार ते त्याने आधीच सांगून ठेवले आहे, आणि ज्याने आधी सांगितले तो संकटाच्या दिवशी खोटा ठरत नाही. उलट ज्याला सांगितले होते की संकट येणारच नाही, त्याच्यावर ते आले म्हणजे संकटाबरोबर विश्वासही जातो.

या आग्रहाची किंमत मी दिली आहे, म्हणून मला असे बोलण्याचा हक्क आहे असे मी समजतो. ज्या मंडळीत मी कित्येक वर्षे बायबलचा वर्ग घेत होतो तेथे शेवटल्या काळाचा एक रंगीत तक्ता भिंतीवर लावायचे ठरले. संकटाची सात वर्षे येथून तेथपर्यंत, राज्ये, श्वापदे, बाण, सगळे आखलेले. मी म्हणालो की या तक्त्यातली पहिली रेघ मला प्रभूच्या तोंडच्या शब्दांत दाखवा, मग मी स्वतः तो खिळ्याला टांगतो. रेघ कोणी दाखवली नाही. वर्ग मात्र माझ्याकडून काढून घेतला गेला. माझा तरुणपणापासूनचा एक सोबती, ज्याच्या घरी आमचा नाताळ होत असे, त्याने त्यानंतर माझ्या घरी येणे बंद केले, आणि पुढे त्याच्या आजारपणातही आमचे पूर्वीसारखे बोलणे झाले नाही. याची खंत मला आहे, रोज आहे. तरीही तो तक्ता मी आजही टांगणार नाही. मैत्री टिकवण्यासाठी प्रभूच्या शब्दांना मुरड घालायची तर मग पुढे कशाकशाला घालायची? तू म्हणशील की काका, तुम्ही हट्टी आहात. असेन. पण हा हट्ट माझ्या मतासाठी नव्हता, हे तुला तरी कळावे असे मला फार वाटते.

बरे, आता तुझ्या वर्षाचे. थेस्सलनीकातही असेच झाले होते. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे अशा बोलण्याने तेथील माणसे दचकली होती, आणि त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल कामधंदा सोडून फिरणाऱ्यांना ठणकावतो की स्वस्थपणे काम करून आपली भाकर खा. प्रभूने तर त्या चोविसाव्या अध्यायाचा शेवटच कामाने केला आहे: धनी येईल तेव्हा घरच्यांना वेळेवर अन्न देत असलेला दास धन्य. आकाशाकडे टक लावून बसलेल्या दासाविषयी तेथे काही नाही. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले होते. १८९६–९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या, भुकेने मरणाऱ्या मुलींना घेऊन आल्या, पुण्याजवळच्या केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या, घरे बांधली, मुलींना छापखान्याचे काम शिकवले, आणि १९२२ मध्ये मरण येईपर्यंत पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करत राहिल्या. दुष्काळ हे प्रभूने सांगितलेल्या चिन्हांपैकी एक आहे, हे त्यांना तुझ्या उपदेशकांपेक्षा कमी ठाऊक होते असे तुला वाटते काय? चिन्ह दिसले म्हणून त्या कामाला लागल्या. उद्या खरोखरच मोठे संकट आले तर जखम बांधता येणारी, सलाइन लावता येणारी, बाळंतपण करता येणारी मुलगी मंडळीला लागेल. अर्धवट शिकलेली आणि घाबरलेली मुलगी लागणार नाही.

फीचे पैसे त्या उपदेशकाच्या खात्यावर पाठवण्याचा विचार तू पत्राच्या शेवटी, जणू सहज, लिहिला आहेस. ते पाठवू नकोस. ते पैसे तुझ्या आईने शिवणकाम करून साठवले आहेत, आणि ज्या कामासाठी साठवले त्याच कामाला ते लागले पाहिजेत.

चित्रफिती महिनाभर बंद ठेव. मत्तय चोवीस आणि पंचवीस हे दोन अध्याय एका बैठकीत, टीपा न पाहता, मोठ्याने वाच, आणि प्रत्येक वाक्यापाशी दोन गोष्टी कागदावर लिही: येथे त्याने काय सांगितले, आणि येथे तो कोठे थांबला. हे सर्व होईपर्यंत ‘ही पिढी’ सरणार नाही असे तो म्हणतो तेथे तू अडखळशील. मीही तेथे पुष्कळ वेळ घालवला आहे आणि आपण त्यावर बोलू, पण त्या एका ओळीवर वर्षांचे गणित बांधू नकोस. परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपायच्या आत तो भर आणि पावती काढून ठेव. रविवारी उपासनेनंतर मी घरीच आहे. कागद घेऊन ये, आणि आईलाही आण, कारण तिला यातले काहीच ठाऊक नाही आणि ते बरोबर नाही.

तुझा,
काका