जुना कन्व्हेयर: बदलायचं नक्की काय?

प्रश्न: आमच्या किराणा गोदामातला कन्व्हेयर वीस वर्षांचा झाला. पीएलसी, म्हणजे तो चालवणारा नियंत्रक संगणक, सीमेन्स एस७-३०० आहे. सगळंच बदलावं का?

उत्तर: नाही. रोलर, बेअरिंग, पट्टे बाजारात मिळतात, अडचण पीएलसीची. ही मालिका ऑक्टोबर २०२३पासून टप्प्याटप्प्याने बंद होते आहे. आधी पीएलसीतला चालू प्रोग्रॅम संगणकावर उतरवून घ्या. त्यात टिपा आणि सिग्नलांची नावं येत नाहीत, म्हणून मूळ प्रोजेक्ट फाइल शोधाच. त्याच कंपनीचा नवा एस७-१५०० घेतलात तर प्रोफिबस (उपकरणं जोडणारं जुनं नेटवर्क) मॉड्यूल लावून जुने ड्राइव्ह, म्हणजे मोटरींचे वेग-नियंत्रक, ठेवता येतात. खर्च तिथेच वाचतो. काम दिवाळीची गर्दी ओसरल्यावर काढा. तारांवर खुणा करा, जुन्या पीएलसीचा रॅक हाताशी ठेवा. नवा चालला नाही तर पहाटे तोच परत जोडावा लागू शकतो. चाचणी रिकाम्या क्रेटवर नको. १५ किलोचा तेलाचा डबा आणि चकचकीत प्लास्टिकची पाकिटं चालवा, माल प्रकाशाने ओळखणारा फोटोसेन्सर फसतो तो त्यांच्यावरच.