पेंग्विन जाडे नाहीत, मोजणी अर्धवट आहे

(या सदरात पायथनचा आणि त्यातल्या पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीचा कोड बोलून दाखवल्यासारखा मराठी अक्षरांत छापतो, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा. मागे एकाने खरंच देवनागरीत टाइप करून 'चालत नाहीये' म्हणून कळवलं होतं.)

प्रश्न : ताई नमस्कार, मी बी.एस्सी. स्टॅटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला सीबॉर्न या ग्राफच्या लायब्ररीतला पेंग्विनचा डेटा घेतलाय. बेटाप्रमाणे वजनाची सरासरी काढून बार ग्राफ केला तर बिस्को बेटाचा बार सगळ्यात उंच आला, म्हणून मी लिहिलं की तिथे खायला जास्त मिळत असेल. सरांनी नुसतं 'आधी मोजून बघ' असं लिहून फाइल परत दिली. आता मोजायला बसले तर साइजने अ‍ॅडेली १५२ येतात, काउंटने वजनाच्या कॉलमखाली १५१, आणि नर-मादी पण घेतलं की बेरीज १४६! नक्की पेंग्विन आहेत तरी किती?

उत्तर : तिन्ही आकडे बरोबर आहेत गं, फक्त तिन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. आधी हा डेटा काय आहे ते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही कळेल. अंटार्क्टिकात पामर स्टेशन नावाचं संशोधन केंद्र आहे, त्याच्या आसपासच्या तीन बेटांवर, बिस्को, ड्रीम आणि टॉर्गरसन, २००७ ते २००९ मध्ये क्रिस्टन गोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेंग्विन मापले. एकूण ३४४ ओळी, अ‍ॅडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू अशा तीन जाती. (राणीच्या बागेत बघितलेले ते हम्बोल्ट, ते यात नाहीत.)

आता डीएफ डॉट हेड कर (डीएफ म्हणजे तुझा तक्ता, हेड त्याच्या पहिल्या ओळी दाखवतो) आणि चौथी ओळ बघ. पहिला पेंग्विन ३७५० ग्रॅम, दुसरा ३८००, तिसरा ३२५०, आणि चौथ्याच्या पुढे जात अ‍ॅडेली, बेट टॉर्गरसन, बाकी सगळीकडे नॅन नॅन नॅन, म्हणजे रिकामे रकाने. म्हणजे पक्षी होता, मापं नाहीत. साइज ओळी मोजतो, त्याला आत काय भरलंय याच्याशी देणंघेणं नाही, म्हणून १५२. काउंट प्रत्येक कॉलममधले भरलेले रकाने मोजतो, म्हणून वजनाखाली १५१, तो गळालेला एक म्हणजे हाच चौथ्या ओळीतला. हजेरीपटावर नावं किती आणि आज वर्गात बसलेत किती, तसलाच फरक.

१४६ चं प्रकरण जरा जास्त फसवं आहे कारण तिथे साइजच वापरलास तरी आकडा कमी येतो. ग्रुपबाय ज्या कॉलमवर गट करतो त्यातच नॅन असेल तर ती ओळ गुपचूप टाकून देतो, एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. सहा अ‍ॅडेलींच्या लिंगाची नोंदच नाहीये, ते सहा गेले, राहिले ७३ माद्या आणि ७३ नर. ग्रुपबायच्या कंसात ड्रॉपएनए इक्वल टू फॉल्स लिही, मग ते सहा वेगळ्या गटात दिसतील. अख्ख्या डेटात असे ११ आहेत, म्हणून पुष्कळ जणांच्या प्रोजेक्टात ३४४ चे ३३३ होतात आणि का झाले ते त्यांना तोंडी परीक्षेत पहिल्यांदा कळतं.

आता सरांच्या शेऱ्याकडे. ग्रुपबायला एकाच वेळी आयलंड आणि स्पीशीज दोन्ही दे, पुढे डॉट साइज, पुढे डॉट अनस्टॅक. ओळींत बेटं आणि कॉलममध्ये जाती असा तक्ता येईल. काही खणांत नॅन दिसेल आणि ४४ च्या जागी ४४.० असं विचित्र काहीतरी येईल, कारण तिथे तशी जोडीच नाही, तर अनस्टॅकच्या कंसात फिल व्हॅल्यू इक्वल टू शून्य टाक. मग हे दिसतं: बिस्कोवर ४४ अ‍ॅडेली आणि १२४ जेंटू. ड्रीमवर ५६ अ‍ॅडेली आणि ६८ चिनस्ट्रॅप. टॉर्गरसनवर ५२, सगळे अ‍ॅडेली. जेंटू बिस्को सोडून कुठेच नाही!

आणि जेंटू जातीनेच आडदांड. त्यांची सरासरी साधारण ५०७६ ग्रॅम, अ‍ॅडेली ३७०१, चिनस्ट्रॅप ३७३३. बिस्कोचा बार ४७१६ वर गेला तो बेटामुळे नाही, तिथल्या दर चारातले जवळपास तीन पेंग्विन जेंटू आहेत म्हणून. अ‍ॅडेली तिन्ही बेटांवर आहेत, त्यांचंच वजन बेटाप्रमाणे काढ, सगळीकडे ३७०० च्या आसपासच येतं. बिस्कोवाले अ‍ॅडेली काही खात्यापित्या घरचे नाहीत. तुझ्या सरांनी तीन शब्दांत जे सांगितलं ते मी एवढं पाल्हाळ लावून सांगतेय, त्यांना माझा नमस्कार कळव.

ग्राफ बदल. सरासरीचा बार काढूच नको असं माझं स्पष्ट मत आहे, कारण १२४ पक्ष्यांचा बार आणि ५ पक्ष्यांचा बार दिसायला सारखाच ठोकळा. सीबॉर्नचा स्ट्रिपप्लॉट घे, एक्सला आयलंड, वायला बॉडी मास, ह्यूला, म्हणजे रंगाला, स्पीशीज. प्रत्येक पेंग्विनचा एक ठिपका, आणि बिस्कोच्या जागी दोन वेगळे ढग एकावर एक दिसतील, वर जेंटू खाली अ‍ॅडेली, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. खाली बेटाच्या नावापुढे संख्याही लिही, 'बिस्को, १६७' अशी. १६८ नाही बरं का, मापं नसलेला एक जेंटूही बिस्कोवरच आहे, त्याचा ठिपका पडणारच नाही, मग जेवढे ठिपके तेवढाच आकडा.

प्रश्न : ह्याच डेटात पंखाची लांबी आणि वजन असा स्कॅटर काढला. ३४२ ठिपके पायजेत पण दिसतात कितीतरी कमी. डेटा उडाला का?

उत्तर : नाही उडाला, एकाखाली एक लपलाय. पंख पूर्ण मिलिमीटरमध्ये मापलेत आणि वजनं बघ, शेवटी ००, २५, ५० किंवा ७५ च येतं, त्यामुळे बऱ्याच पक्ष्यांची जोडी हुबेहूब सारखी येते. अल्फा, म्हणजे ठिपका किती आरपार दिसतो ते, ०.४ ठेवलास की गर्दीच्या जागा गडद होतील, बहुतेकदा तेवढं पुरतं. नाहीतर आधी मोज आणि मग काढ: दोन्ही कॉलमवर ग्रुपबाय, साइज, रिसेट इंडेक्सच्या कंसात नेम म्हणून 'किती', आणि स्कॅटरच्या एसला हाच 'किती' कॉलम वीसने गुणून दे. एस म्हणजे ठिपक्याचं क्षेत्रफळ, त्रिज्या नव्हे, त्यामुळे वर्ग बिर्ग करायचा नाही, केलास तर तीन पक्ष्यांचा ठिपका एका पक्ष्याच्या नऊपट दिसेल.

प्रश्न : मॅडम, मी शिक्षक आहे. गावागावातून फॉर्म भरून घेतला आणि गावाच्या नावावर व्हॅल्यू काउंट्स केलं (कुठलं नाव किती वेळा आलं ते) तर कराड चार वेळा आलं. त्यातली दोन नावं तर अगदी सारखी दिसतात, मी भिंग घेऊन बघितलं हो! शिवाय ग्राफवर मराठी नावांच्या जागी चौकोन येतात.

उत्तर : सर, भिंगाने नाही दिसणार, लेनने दिसेल, ते नावातली चिन्हं मोजतं. चारपैकी एक 'कराड', एक 'कराड' पण मागे स्पेस राहिलेली (ती स्ट्रिपने जाते), आणि उरलेली दोन 'कऱ्हाड' असणार. हा जो अर्धा र आहे तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणाच्या कीबोर्डवर नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, तर कुणाच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर जुळी भावंडं, पण पहिल्याची लेन ६ येते आणि दुसऱ्याची ७, आणि पायथनच्या लेखी ही दोन गावं. एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर ते सारखं करणारं युनिकोडचं नॉर्मलाइज असतं, त्याने पण ती एक होत नाहीत, मी करून थकलेय. सरळ रिप्लेस वापरून दुसरा प्रकार पहिल्यात बदला, आणि मग कराड ठेवायचं की कऱ्हाड हे तुम्ही गावकऱ्यांनी ठरवा, त्या वादात मी पडत नाही.

तुमच्या फॉर्मात कुणी वय '१२' असं मराठी आकड्यात लिहिलं असेल तर घाबरू नका, पायथनचा इंट (मजकुराची संख्या करणारा) ते नीट वाचतो. फक्त इंट करायला विसरलात तर बेरजेत '१२' आणि '१३' मिळून २५ न होता १२१३ होतात.

चौकोनांचं म्हणाल तर मॅटप्लॉटलिबच्या (ग्राफ काढणाऱ्या लायब्ररीच्या) नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट टाकून त्याचं नाव फॉन्ट फॅमिलीत दिलं की चौकोन जातात. पण लगेच हुश्श करू नका, बऱ्याच आवृत्त्यांत मॅटप्लॉटलिब साध्या सेटिंगमध्ये अक्षरं एकापुढे एक नुसती मांडतं, जोडाक्षर जुळवत नाही. 'शिरवळ' मधली पहिली वेलांटी श च्या आधी यायच्या ऐवजी श च्या नंतर, र ला चिकटून येते, आणि कऱ्हाडचा हलन्त उघडा लोंबतो. मी एकदा असा ग्राफ अख्ख्या मीटिंगसमोर लावला होता, मागून एक काका म्हणाले, 'हे गाव कुठल्या तालुक्यात?' तेव्हापासून मराठी लेबलं असली की मी प्लॉटली वापरते, ते ब्राउझरमध्ये काढतं आणि ब्राउझरला मराठी जुळवता येतं. ग्राफच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचं चिन्ह असतं, तिथून फोटो उतरवायचा आणि वर्डमध्ये चिकटवायचा.